चिखलणीतला जुना ट्रॅक्टर : गिअर बॉक्स आणि क्लचची काळजी

शहापूर व मुरबाड तालुक्यांत खरिपाचे मुख्य पीक भात. पावसाने खाचरे भरली की चिखलणी सुरू होते आणि आवणी उरकेपर्यंत ट्रॅक्टरला उसंत नसते. याच दिवसांत गिअर बॉक्स बिघडला तर दुरुस्तीच्या खर्चाबरोबर हंगामाचेही नुकसान होते. रोप २१ ते २५ दिवसांचे असताना लावलेले चांगले. भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहत रोप जून झाले तर फुटवे कमी येतात.

जुन्या ट्रॅक्टरचे गिअर आणि बेअरिंग लवकर झिजण्यामागे तेलात शिरलेले पाणी हे मोठे कारण असते. ते वेळीच ओळखले तर ऑइल सील आणि तेल बदलून काम भागते. दुर्लक्ष केले तर गिअर बॉक्स खोलावा लागतो.

पाणी आत कसे शिरते?

काम करताना गिअर बॉक्स व मागचा एक्सल तापतात आणि आतली हवा फुगते. ही हवा बाहेर जाण्यासाठी हाऊसिंगवर ब्रीदर असतो. गरम ट्रॅक्टर पाण्याने भरलेल्या खाचरात उतरला की हाऊसिंग थंड होते, आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढ लागते. ब्रीदर मातीने बुजलेला असेल तर ही ओढ झिजलेल्या सीलमधून पाणी आत घेते. म्हणून चिखलणीपूर्वी ब्रीदर काढून डिझेलने धुवावा, वाळवून परत बसवावा. गिअर लिव्हरचे रबरी आवरण फाटले असल्यास बदलावे. पावसाचे पाणी तेथूनही जाते.

तेलाची तपासणी

- ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागी उभा ठेवावा. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी ड्रेन प्लग अगदी थोडा सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी साचते व आधी बाहेर येते.
- थोडे तेल काचेच्या बाटलीत घ्यावे. दुधाळ किंवा चहासारखा रंग म्हणजे तेलात पाणी मिसळले आहे.
- प्लगवर करडा बारीक लेप असणे ही नेहमीची झीज आहे. चमकणारे कण किंवा दाताचे तुकडे दिसल्यास ट्रॅक्टर कामाला लावू नये.
- पाणी आढळल्यास आधी गळका सील बदलावा, मगच नवे तेल भरावे. जुने तेल कोमट असताना काढले तर गाळासह निघते. काही तास काम करून पुन्हा पाहावे. तेल दुधाळ असल्यास पुन्हा बदलावे.

बहुतेक ट्रॅक्टरमध्ये हे तेल सुमारे १००० तासांनी बदलण्याची शिफारस असते. चिखलात काम करणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरसाठी तासांची वाट न पाहता आवणीनंतर तेल तपासावेच. अनेक मॉडेलमध्ये गिअर बॉक्स व हायड्रॉलिकचे तेल एकच असते, म्हणून पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच तेल घ्यावे. पातळी डिपस्टिकच्या खुणेपर्यंतच ठेवावी. जास्त तेलाला फेस येतो व सीलवर ताण पडतो. काढलेले तेल ओढ्यात किंवा खाचरात ओतू नये.

क्लचचे छिद्र विसरू नका

क्लच हाऊसिंगच्या तळाशी छिद्र असते. प्लगची सोय असलेल्या ट्रॅक्टरमध्ये चिखलणीपुरता तेथे प्लग लावावा आणि काम संपताच काढावा. प्लग तसाच राहिला तर आत गळलेले तेल साचून क्लच प्लेट भिजते व घसरते. छिद्रातून काळे तेल ठिबकत असेल तर इंजिनच्या मागच्या सीलचा, फिकट व घट्ट तेल असेल तर गिअर बॉक्सच्या सीलचा संशय घ्यावा.

क्लच पेडलचा मोकळा खेळ बहुतेक मॉडेलमध्ये २० ते ३० मि.मी. असतो; नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. खेळ कमी असल्यास प्लेट घसरून जळते, जास्त असल्यास क्लच पूर्ण सुटत नाही व गिअर करकरतो. काम करताना पेडलवर पाय ठेवून बसू नये.

लक्षणावरून दोष

- सर्व गिअरमध्ये आवाज : तेल कमी किंवा बेअरिंग खराब.
- एकाच गिअरमध्ये आवाज : त्या गिअरचे दात झिजलेले.
- क्लच दाबल्यावरच आवाज : रिलीज बेअरिंग खराब.
- गिअर आपोआप सुटणे : लॉकची स्प्रिंग, शिफ्टर फोर्क किंवा दात झिजलेले.
- इंजिनचा वेग वाढतो पण ट्रॅक्टर ओढत नाही : क्लच घसरतो.
- मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेल : एक्सलचा सील गेला. कोरडे ब्रेक असलेल्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये हे तेल ब्रेकवर गेले तर ब्रेक लागत नाही. दुरुस्तीपूर्वी ट्रॉली जोडू नये.

दुरुस्ती करताना

क्लचपर्यंत पोहोचण्यासाठी ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो आणि त्याची मजुरी मोठी असते. म्हणून एकदा उघडल्यावर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि दोन्ही बाजूंचे सील एकत्रच तपासावेत. बदललेले जुने भाग मिस्त्रीकडून परत मागून पाहावेत. जोडीने फिरणाऱ्या गिअरपैकी एकाचे दात तुटले असल्यास दुसऱ्याचेही पाहावेत; झिजलेल्या गिअरसोबत नवा गिअर लवकर खराब होतो. हे काम घरी नुसत्या जॅकवर करू नये. भक्कम ठोकळे व चाकांना उटी हव्यातच.

घाटात उतरताना

माळशेज किंवा कसारा घाटात पेंढा, विटा भरलेली ट्रॉली घेऊन उतरताना, चढायला जो गिअर लागेल तोच उतार सुरू होण्यापूर्वी टाकावा. न्यूट्रल करू नये, क्लच दाबून ठेवू नये. ट्रॉलीच्या ओझ्याने वेग वाढला की जुन्या गिअर बॉक्समध्ये पुन्हा गिअर पडत नाही आणि सारा भार ब्रेकवर येतो.

वर्षभराचे वेळापत्रक

- मे : ब्रीदर, सील, क्लचचा खेळ व तेल तपासणे, मोठी दुरुस्ती याच महिन्यात.
- चिखलणीच्या काळात : रोज चिखल धुणे, तेलाची पातळी व गळती पाहणे.
- आवणीनंतर : क्लचचा प्लग काढणे, तळाचे पाणी तपासणे, ग्रीस भरणे.
- दिवाळीनंतर, वाहतुकीपूर्वी : ब्रेक, एक्सल सील व क्लच तपासणे.

कृषी कर्मचाऱ्यांनी मे महिन्यातील खरीपपूर्व बैठकीत बियाणे व खतांसोबत ही तपासणीही घ्यावी. गावातल्या एकाच ट्रॅक्टरवर अनेक खाचरांची चिखलणी अवलंबून असते. तो वेळेवर चालला तर सगळ्यांची आवणी वेळेत होते.