खरेदी कियोमिझुच्या उतारावर

क्योटोतील प्रसिद्ध देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर देखण्या भांड्यांची दुकाने ओळीने लागतात. पण दिसायला सारखे असलेले दोन कप सारखेच असतील असे नाही. मग खरेदी कशी कराल?

जपानची सहल क्योटो पाहिल्याशिवाय पुरी होत नाही आणि क्योटोची सहल कियोमिझु-देरा पाहिल्याशिवाय. शहराच्या पूर्वेकडील डोंगरउतारावरचे हे बौद्ध मंदिर इ.स. ७७८ मध्ये स्थापन झाले असे मानतात. आज दिसते ती मुख्य इमारत १६३३ सालची आहे. कड्यावरून पुढे आलेला तिचा लाकडी सज्जा सुमारे १३ मीटर उंच आहे आणि तो भक्कम लाकडी खांबांवर तोललेला आहे. १९९४ मध्ये युनेस्कोने क्योटोच्या ज्या वास्तूंना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत हे देऊळही आहे.

कियोमिझु म्हणजे निर्मळ पाणी. सज्जाच्या खाली ओतोवा झऱ्याच्या तीन धारा पडतात. भाविक लांब दांड्याच्या पळीने ते पाणी घेऊन पितात. इथली देवता कान्नोन, म्हणजेच आपल्याकडचा अवलोकितेश्वर. कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वराची अकरा मुखांची मूर्ती आहे. कियोमिझुची मूळ मूर्तीही अकरा मुखांचीच. मात्र ती दर ३३ वर्षांनी एकदाच दर्शनासाठी खुली होते.

जिथे देऊळ तिथे बाजार हे जपानातही खरेच. देवळाकडे चढणाऱ्या रस्त्यांपैकी एकाचे नावच चावान-झाका. 'चावान' म्हणजे चहाचा वाडगा आणि 'झाका' म्हणजे चढण. (आपला 'चहा' आणि जपान्यांचा 'चा' हे दोन्ही शब्द मूळचे चिनी भाषेतले!) याच परिसरात पूर्वी कुंभारांच्या भट्ट्या होत्या. इथे तयार होणाऱ्या भांड्यांना 'कियोमिझु-याकी' असे म्हणतात.

माती बाहेरची, हात इथला

गंमत म्हणजे या भांड्यांची माती बहुतेक बाहेरून येते. क्योटो प्रसिद्ध झाले ते मातीमुळे नव्हे, तर कारागिरांच्या हातामुळे. सतराव्या शतकात नोनोमुरा निन्सेई या कारागिराने झिलई दिलेल्या भांड्यांवर रंगीत चित्रे काढण्याची कला भरभराटीला आणली. ओगाता केन्झान (१६६३ ते १७४३) याने ती पुढे नेली. त्याचा भाऊ कोरिन हा नामवंत चित्रकार. केन्झानच्या भांड्यांवर त्याने स्वतः चित्रे रंगवली.

हे काम वेळखाऊ आहे. भांडे घडवून वाळवायचे, एकदा भाजायचे, मग झिलई देऊन १२०० अंशांच्या वर पुन्हा भाजायचे. त्यावर रंगीत चित्र काढायचे असेल तर रंग पक्के होण्यासाठी कमी आचेवर तिसऱ्यांदा भाजायचे. एवढे करून भट्टीत तडा गेला की सगळी मेहनत वाया!

पूर्वी हे भाजकाम उतारावर बांधलेल्या, कप्प्याकप्प्यांच्या लांबलचक भट्ट्यांत लाकूड जाळून होत असे. शहर वाढले, धुराचा त्रास होऊ लागला आणि १९७० च्या सुमारास या भट्ट्या थंडावल्या. कित्येक कारागीर डोंगरापलीकडे यामाशिना भागात गेले. आता विजेच्या आणि गॅसच्या भट्ट्या वापरतात. जुनी भट्टी कशी होती हे पाहायचे असेल तर गोजो-झाकाजवळ कावाई कान्जिरो (१८९० ते १९६६) या थोर कुंभाराचे घर पाहा. त्याचे आता संग्रहालय झाले असून आठ कप्प्यांची भट्टी तिथे जपून ठेवली आहे.

भट्ट्या गेल्या, दुकाने राहिली. या दुकानांत आज हाताने रंगवलेला कप आणि कारखान्यात छापील चित्र चिकटवलेला कप एकाच फळीवर असतात. छापील कप स्वस्त असतो आणि लांबून तेवढाच छान दिसतो. प्रवाशाने दोन्हींतला फरक ओळखलाच नाही, तर तो स्वस्त कप उचलणार. मग चित्र काढणाऱ्याच्या कुंचल्याला काम कुठून मिळणार? म्हणूनच हा प्रश्न नुसत्या आपल्या पैशांचा नाही.

पारख कशी करावी?

चित्र बारकाईने पाहा. कुंचल्याची रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. जोडीतल्या दोन कपांवरची फुले सारखी असूनही तंतोतंत एक नसतात. छापील चित्र मात्र हुबेहूब सारखे असते. काही वेळा त्याचा जोड दिसतो, तर काही वेळा रंगांत बारीक ठिपके दिसतात.

दुकानदाराला विचारून भांडे उलटे करा. बुडाशी भट्टीचा किंवा कारागिराचा शिक्का अथवा सही असते. बुडाची कड गुळगुळीत हवी, नाहीतर टेबलावर ओरखडे पडतील. भांडे डुगडुगत नाही ना, हेही पाहून घ्या.

झिलईवर जाळीसारख्या बारीक रेषा दिसल्या तर घाबरू नका. झिलई थंड होताना आतल्या मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून त्या पडतात. जपानी लोक त्यांना दोष न मानता सौंदर्य मानतात. मात्र अशा भांड्यात आपली हळदीची आमटी वाढली तर डाग कायमचा बसेल! पहिल्यांदा वापरण्यापूर्वी ते थोडा वेळ पाण्यात बुडवून ठेवावे. सोनेरी नक्षीचे भांडे मायक्रोवेव्हमध्ये मुळीच ठेवू नये.

दोन शब्द पाठ करून ठेवा. 'तेगाकी' म्हणजे हाताने काढलेले आणि 'कियोमिझु-याकी' म्हणजे इथल्या परंपरेतले. या दुकानांत जपानच्या इतर भागांतली भांडीही विकायला असतात, तेव्हा विचारलेले बरे. १९७७ मध्ये जपान सरकारने क्योटोच्या या भांड्यांना पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. काही वस्तूंवर त्याचे चिन्ह असलेली चिकटपट्टी आढळते.

काय घ्यावे?

'युनोमी' म्हणजे बिनकानाचा उभट कप रोजच्या चहाला सोयीचा. 'मेओतो' म्हणजे नवराबायकोची जोडी, यात एक कप मोठा आणि एक लहान असतो. लग्नाच्या आहेराला ती छान दिसते. मोठा कप कोणाचा, ते मात्र घरी गेल्यावर ठरवा! 'क्युसु' ही बाजूला दांडा असलेली किटली. मैत्रिणींसाठी काड्या टेकवायचे 'हाशिओकी' घ्यावेत. ते चिमुकले, हलके आणि स्वस्त असतात. जपानात वाट्यांचा संच बहुधा पाचांचा असतो. चारचा उच्चार 'शी' आणि मृत्यूचाही 'शी', म्हणून चारचा संच टाळतात.

भांड्यांखेरीज दालचिनीच्या वासाची 'यात्सुहाशी' ही मिठाई आणि घडीचे पंखे आहेतच. सान्नेन-झाकाच्या दगडी पायऱ्यांवर जो पडेल तो तीन वर्षांत मरतो अशी जुनी समजूत आहे. त्यावर तोडगा म्हणून तिथे लहान भोपळेही विकतात!

व्यवहाराची रीत

आधी देऊळ पाहा आणि खरेदी उतरताना करा. देऊळ पहाटे सहाला उघडते, दुकाने मात्र नऊ-दहाच्या सुमारास उघडतात. दर्शन घेऊन खाली येईपर्यंत वेळ बरोबर जुळते आणि भांड्यांचे ओझे घेऊन चढही चढावा लागत नाही.

खांद्यावरची पिशवी पुढे घ्या, कारण दुकाने अरुंद आहेत. भांडे दोन्ही हातांनी उचला. माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो, तसे इथे करू नका. घासाघीसही करू नका, तशी रीत नाही. पैसे हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवतात. परदेशी पाहुण्यांना करात सवलत मिळू शकते. त्याचे नियम बदलत असतात म्हणून दुकानातच विचारा. पासपोर्ट जवळ ठेवा. 'विमानाने न्यायचे आहे' असे सांगितले की भांडे नीट गुंडाळून देतात. तरीही ते हातातल्या सामानातच ठेवावे.

दहा छापील कप घेण्यापेक्षा हाताने रंगवलेला एक कप घ्यावा, मग तो साधा का असेना. आणि घरी आल्यावर तो शोकेसमध्ये ठेवू नका. ज्या हातांनी तो घडवला, रंगवला, त्यांनी तो रोज चहा पिण्यासाठीच केला आहे.