खडकांत कोंडलेला वायु

भूगर्भांत वायु सांठवितात असें ऐकिलें कीं, बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एखादी विस्तीर्ण गुहा उभी राहते. वस्तुस्थिति निराळी आहे. पाण्यानें भरलेला माठ बाहेरून ओलसर होतो, याचें कारण त्याच्या भाजलेल्या मातींत असंख्य सूक्ष्म रंध्रें असतात. वाळूच्या दगडाची रचनाहि अशीच असते. पृथ्वीचें उष्णतामान वाढविणारा कर्बद्विप्राणिद, म्हणजेच कार्बन डायॉक्साइड, याच रंध्रांत कोंडण्याचे प्रयत्न आज चालू आहेत.

याचें प्रसिद्ध उदाहरण उत्तर समुद्रांतील नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्राचें होय. तेथील इंधनवायूंत शेंकडा सुमारें ९ भाग कार्बन डायॉक्साइड असतो. तो वेगळा काढून १९९६ सालापासून सुमारें १,००० मीटर खोल असलेल्या उट्सिरा नांवाच्या वाळूच्या थरांत सोडण्यांत येऊं लागला. प्रारंभींच्या वर्षांत हें प्रमाण दरसाल जवळजवळ दहा लक्ष टन होतें.

उष्णतामान ३१ अंश सेंटिग्रेडहून आणि दाब वातावरणाच्या सुमारें ७३ पटींहून अधिक झाला म्हणजे हा वायु धड वायुहि नव्हे व धड द्रवहि नव्हे अशा दाट स्थितींत येतो, आणि थोड्या जागेंत पुष्कळ मावतो. तथापि रंध्रांतील खाऱ्या पाण्याहून तो हलकाच राहतो. म्हणून तें पाणी बाजूस सारीत तो वर चढूं लागतो. वाटेंत चिकणमातीचा थर आडवा आला कीं तो थबकतो. त्या मातींतील रंध्रें इतकीं बारीक असतात कीं, केशाकर्षणानें तेथें धरून ठेवलेलें पाणी वायूस आंत शिरूं देत नाहीं. मग तो थराखालीं पसरतो आणि जेथें फट सांपडेल तेथून पुन्हां वर सरकतो. स्लाइप्नर येथें कृत्रिम कंपनांच्या साहाय्यानें भूगर्भाचें चित्र घेतलें, तेव्हां वायूचे असे नऊ थर एकावर एक पसरलेले आढळले. १९९९ सालींच तो वाळूच्या माथ्यापर्यंत पोंचला होता. मधले पातळ अडसर त्यास रोखूं शकले नाहींत. त्यास थोपविलें तें माथ्यावरील जाड, घट्ट शिलेनें.

वायु पुढें गेल्यावर मागें पाणी परत येतें आणि रंध्रारंध्रांत त्याचे सूक्ष्म बुडबुडे तुटून अडकून राहतात. कांहीं वायु पाण्यांत विरघळतो. असें पाणी किंचित् जड होऊन खालीं बसतें, आणि वायूची वर येण्याची ओढ तेथें संपते. कांहीं भाग खनिजांशीं संयोग पावून दगडच बनतो. पण वाळूच्या दगडांत यास हजारों वर्षें लागतात.

सर्वत्र असें सुरळीत घडत नाहीं. अल्जीरियांतील इन् सालाह येथें २००४ सालीं हें काम सुरू झालें. तेथील वाळूचा थर अवघा सुमारें २० मीटर जाड, आणि त्यांतून वायूस वाट मिळणें कठीण. दाब वाढला, वरची जमीन कांहीं मिलिमीटर उचलली गेल्याचें उपग्रहांनीं टिपलें. माथ्यावरील शिलेविषयीं शंका आल्यानें २०११ सालीं वायु सोडणें थांबविण्यांत आलें.

तेव्हां खडकांत पोकळी किती, एवढेंच पाहून भागत नाहीं. त्या पोकळ्या एकमेकींस जोडलेल्या आहेत कीं नाहींत, आणि वरची शिला किती दाब सोसील, हेंहि पारखावें लागतें. वायु भरण्याचें काम कांहीं दशकांत आटोपेल. त्यावर नजर ठेवण्याचें काम मात्र पुढच्या पिढ्यांकडे जाणार आहे.