एफ७ वरचं नाजूक प्यादं

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमध्ये असो वा सांगलीत, बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलाला इटालियन ओपनिंग लवकरच भेटतं. राजापुढचं प्यादं दोन घरं, घोडा एफ३, उंट सी४. आपल्या जुन्या देशी पद्धतीत प्यादं एकेकच घर सरकायचं. हा वेग तिथे नव्हता.

काळ्याची मुख्य उत्तरं दोन: उंट सी५ किंवा घोडा एफ६. खरी गंमत दुसऱ्यात. पांढरा घोडा जी५ वर येतो आणि उंटासह एफ७ च्या प्याद्यावर नेम धरतो. त्या प्याद्याला राखण फक्त राजाची! काळा डी५ खेळून उंटाची वाट अडवतो, पांढरा ते प्यादं मारतो. आता घोड्याने उलट मारण्याचा मोह टाळावा. नाहीतर पांढरा एफ७ वर घोड्याचा बळी देतो आणि वजिराचा शह काळ्या राजाला पटाच्या मध्यावर खेचून आणतो. त्याऐवजी दुसरा घोडा ए५ वर नेऊन उंटाला हुसकावणं केव्हाही चांगलं.

अशी तयारी घड्याळावरचा वेळ वाचवते, आणि जलद डावांत तोच मोलाचा. २०२५ मध्ये बातुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवलं, ते जलद डावांतच.