ज्वर ओसरल्यानंतरची वेदना आणि सूचिचिकित्सा

काही विषाणुजन्य ज्वर असे आहेत की, त्यांचा ताप चार-सहा दिवसांत उतरतो. परंतु त्यांनी मागे ठेवलेले दुखणे महिनोन्महिने हटत नाही. चिकुनगुन्या हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९५२-५३ साली पूर्व आफ्रिकेतील टांगानिकाच्या माकोंडे पठारावर या रोगाची साथ उद्भवली आणि तेथील भाषेतील 'वाकवून टाकणारा' अशा अर्थाचा शब्द रोगाचे नाव म्हणून जगभर रूढ झाला. भारतात १९६३ साली कलकत्त्यास आणि १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस त्याच्या साथी आल्या. पुढे तीन दशके तो जवळजवळ विस्मृतीत गेला. परतला तेव्हा २००६ या एका वर्षात देशात सुमारे चौदा लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. मनगटे, बोटांची पेरे, गुडघे आणि घोटे ही या दुखण्याची ठिकाणे. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, तांब्या उचलवत नाही. विणकर, शिंपी, शेतमजूर अशा हातांवर पोट असणाऱ्यांच्या बाबतीत हा केवळ शारीरिक क्लेशाचा प्रश्न राहत नाही.

या विषाणूवर नेमके औषध नाही. वेदनाशामक गोळ्या आराम देतात. पण त्यांपैकी अनेक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठर आणि मूत्रपिंडे यांना अपाय होऊ शकतो. अशा वेळी रुग्ण अन्य मार्ग शोधू लागतो आणि त्या मार्गांपैकी एक म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर, अर्थात सूचिचिकित्सा.

ही चिनी विद्या भारतात कशी आली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनच्या मदतीसाठी १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले. त्यातील सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली तेथेच निवर्तले आणि त्यांची स्मृती महाराष्ट्राने जपली. त्यांचे सहकारी विजयकुमार बसू यांचे नाव मात्र मराठी वाचकास फारसे परिचित नाही. बसूंनी १९५० नंतरच्या दशकात पुन्हा चीनला जाऊन ही विद्या आत्मसात केली आणि १९५९ पासून कलकत्त्यात तिचा वापर सुरू केला. पश्चिम बंगालने १९९६ साली या चिकित्सेसाठी स्वतंत्र कायदा केला. नंतर महाराष्ट्रानेही केला.

प्राचीन चिनी वैद्यकानुसार शरीरातील 'ची' नामक प्राणशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते. वारा, थंडी आणि ओल यांमुळे तिचा मार्ग अडला की सांधे दुखतात, जडावतात. या विकारास तेथे 'बी' म्हणतात. वाताच्या कल्पनेत वाढलेल्या भारतीय वाचकास हे वर्णन ओळखीचे वाटेल. तथापि या साम्यावर फार विसंबू नये. दोन्ही शास्त्रांतील शरीराची कल्पना आणि उपचाराची रीत भिन्न आहे. केसासारखी बारीक सुई विशिष्ट बिंदूवर टोचून ती हलकेच फिरवली असता रुग्णास तेथे जडपणा, बधिरता किंवा ठणका जाणवतो. परंपरेने ही संवेदना उपचार लागू पडल्याची खूण मानली आहे.

आधुनिक शरीरशास्त्राने या अनुभवाचा उलगडा निराळ्या भाषेत केला. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली असे मांडले की, वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत एखाद्या दारासारखी व्यवस्था असते आणि अन्य स्पर्शसंवेदना ते दार काही अंशी लोटू शकतात. पुढे १९७७ साली मेयर प्रभृतींनी दाखवले की, सुईने कमी झालेली दाताची वेदना नालॉक्सोन हे अफूविरोधी औषध दिल्यावर परत येते; म्हणजे शरीर स्वतःच अफूसदृश द्रव्ये निर्माण करीत असावे. नंतरच्या सर्वच प्रयोगांनी याला दुजोरा दिला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

खरी अडचण पुढेच आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात जुनाट पाठदुखीच्या १,१६२ रुग्णांपैकी काहींना शास्त्रोक्त बिंदूंवर, तर काहींना मुद्दाम भलत्याच जागी वरवर सुया टोचल्या. सहा महिन्यांनी पहिल्या गटात सुमारे ४८ टक्के व दुसऱ्यात ४४ टक्के रुग्णांना गुण आला होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत मात्र २७ टक्क्यांनाच. सूचिचिकित्सेने आराम पडतो, पण तो नेमक्या बिंदूमुळे पडतो असे म्हणणे कठीण, असाच याचा अर्थ. पुढे २०१८ साली ३९ प्रयोगांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा खऱ्या सुईची सरशी दिसली. पण ती थोडीच. पाठ, गुडघे यांच्या जुनाट दुखण्यावर जितके मोठे प्रयोग झाले, तितके चिकुनगुन्यानंतरच्या सांधेदुखीवर झालेले नाहीत. तेव्हा येथे अनुमानावरच बरेच भागवावे लागते.

शिवाय ज्वरोत्तर वेदना सगळ्या एकाच जातीच्या नव्हेत. चिकुनगुन्यात सांध्यांचा दाह असतो. नागिणीत पुरळ वाळून गेल्यावर जी आग राहते, ती मज्जातंतूंनाच झालेल्या इजेची असते. या दुसऱ्या वेदनेवर १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश प्रयोगात सुई आणि खोटे विद्युत्‌यंत्र यांच्या परिणामात फरक आढळला नव्हता.

सुई विषाणूस मारीत नाही आणि सांध्याची झीजही थांबवीत नाही. म्हणून तीन महिन्यांनंतरही सूज टिकून असेल, तर आधी संधिवाताची तपासणी करून घेणे इष्ट. अन्यथा वेदना दबते आणि सांधा वाकडा होत राहतो. सुया निर्जंतुक व एकदाच वापरावयाच्या असाव्यात, कारण पुन्हा वापरलेल्या सुयांतून काविळीचा विषाणू पसरल्याची उदाहरणे आहेत. छातीवर अकुशल हाताने सुई खोल गेल्यास फुप्फुसास इजा पोहोचते.

जर्मन अभ्यासातील उपचार आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास, अशा दहा बैठकांचा होता. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या हिशेबात या दहा बैठका म्हणजे दहा अर्धे दिवस, जाण्यायेण्याचे भाडे आणि उपचाराचे शुल्क. त्यामुळे ज्याची मूठ वळत नाही म्हणून मजुरी बुडते, त्याला तीच मजुरी आणखी बुडवून या दारी यावे लागते.