दुधाचा कस गोठ्यात ठरतो

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील श्रोत्यांपुढे गाईविषयी बोलावयाचे, म्हणजे घरच्या माणसांस घराचीच हकीकत सांगण्यासारखे आहे. देवणी आणि लाल कंधारी या दोन नामांकित जाती याच मुलुखाने दिल्या. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी वळू पाहण्यासाठी अजूनही गर्दी लोटते. बैलाची पारख येथे लहान पोरासही असते. परंतु दुधाची पारख ही निराळी विद्या आहे, आणि तिची गरज आपणांस अलीकडेच भासू लागली आहे. बैल विकताना त्याचा खांदा पाहत; दूध विकताना एक कागदाची चिठ्ठी पाहतात. त्या चिठ्ठीवर फॅट आणि एसएनएफ असे दोन आकडे असतात, आणि त्या दोन आकड्यांवर घरातील मीठ-मिरचीपासून पोराच्या फीपर्यंत सारे अवलंबून असते.

या चिठ्ठीने होणारे नुकसान केवळ पैशाचे असते असेही नाही. एसएनएफचा आकडा खाली आला की संकलन केंद्रावर पहिला तर्क निघतो, तो पाणी घातल्याचा. ज्याने थेंबभर पाणी घातलेले नाही त्याला चारचौघांत मान खाली घालावी लागते. म्हणून हे आकडे कोठे आणि कसे ठरतात हे प्रत्येक गोपालकास समजले पाहिजे, असे आमचे मत आहे. थोडक्यात सांगावयाचे तर दुधाचा कस डेअरीत मोजला जातो. तो ठरतो मात्र गोठ्यात.

गाईच्या दुधात शंभर भागांत सुमारे सत्त्याऐंशी भाग पाणीच असते. उरलेल्या तेरा भागांत चरबीचा, म्हणजे फॅटचा, भाग चारएक असतो. प्रथिने, दुधातील साखर आणि क्षार मिळून जे राहते ते एसएनएफ. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा भाव ठरविताना फॅट 3.5 आणि एसएनएफ 8.5 हा पाया धरण्याची रीत आहे. अन्नसुरक्षेच्या कायद्याप्रमाणे किमान अट 3.2 आणि 8.3 अशी आहे. भावाच्या पायापासून एकेक दशांश खाली उतरावे, तसतसा भावही उतरतो.

पूर्वी सारा भरवसा लॅक्टोमीटरवर असे. ही काचेची नळी दुधाचा दाटपणा सांगते. परंतु तिला फसविणे अवघड नाही. चरबी पाण्याहून हलकी, तर बाकीचे घनपदार्थ पाण्याहून जड. वरची साय काढून घेतली की दूध जड होते आणि नळी वर उचलली जाते. मग बेताने पाणी घातले की ती पुन्हा आपल्या जागी येते. म्हणजे दोन लबाड्या मिळून एक प्रामाणिक आकडा तयार होतो! याच कारणाने फॅट स्वतंत्रपणे मोजावे लागते. स्वित्झर्लंडचे गर्बर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसविलेली गंधकाम्लाची रीत त्यासाठी जगभर चालली. आता बहुतेक केंद्रांवर विजेची यंत्रे आली आहेत.

आता मुख्य प्रश्न. पाणी न घालता एसएनएफ उतरू शकते काय? निश्चित उतरू शकते. गाईला पोटभर वैरण व पुरेशी ढेप मिळाली नाही, तर दुधातील प्रथिने घटतात आणि आकडा दोनतीन दशांशांनी खाली येतो. कासेला रोग झाला, उन्हाळ्याचा कडाका पडला, तरीही तेच घडते. मग पाणी घातलेले दूध आणि उपाशी गाईचे दूध यांतील भेद ओळखावा कसा? यासाठी निसर्गानेच एक खूण ठेवली आहे. दुधातील साखर व क्षार मिळून रक्ताशी आपला तोल सांभाळीत असतात. त्यामुळे गाय कोणतीही असो, दूध शून्याच्या खाली सुमारे 0.54 अंश सेल्सिअसला गोठते. गाय अर्धपोटी राहिली तरी हा बिंदू फारसा हलत नाही. पाणी घातले की मात्र तो शून्याकडे सरकतो. गोठणबिंदू मोजण्याचे यंत्र मोठ्या डेअऱ्यांत असते. वारंवार वाद होत असेल तर आपल्या समोर धार काढून घेतलेला नमुना आणि केंद्रावर दिलेला नमुना अशा दोन्हींची ही तपासणी मागावी. प्रामाणिक माणसाचा याहून चांगला साक्षीदार नाही.

कस गोठ्यात ठरतो म्हटले, त्याची पहिली पायरी जातीची. देवणीचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे तीन प्रकार रंगावरून ओळखतात. या गाईच्या दुधात चरबी चार टक्क्यांच्या वर असते. पण एका वेतात दूध हजार किलोच्या आतबाहेरच मिळते. लाल कंधारी मुख्यतः औताची जात. तिचे दूध सहाशे किलोच्या आसपास. उलट होल्स्टीनच्या संकरित गाई दोन-तीन हजार किलो देतात, पण त्यांच्या दुधातील चरबी कमी, खाणे मोठे आणि ऊन सोसण्याची ताकद थोडी. दोहोंचे गुण एकत्र आणावेत म्हणून परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात देवणी आणि होल्स्टीन यांच्या संकरातून ‘होलदेव’ गाई तयार करण्याचा प्रयोग झाला. तेव्हा अमुकच जात उत्तम असा निकाल आम्ही देणार नाही. ज्याच्याजवळ बारमाही पाणी व हिरवा चारा आहे त्याला संकरित गाय परवडेल. कोरडवाहूवाल्याने तिच्या नादी लागण्यापूर्वी मार्च ते जूनचा हिशेब मांडावा. तसेच देशी गाय आहे एवढ्यावरून दूध आपोआप शुद्ध ठरते, हाही भ्रमच होय. घाणेरड्या चरवीत देवणीचे दूधही नासतेच.

दुसरी पायरी वैरणीची. गाईच्या मोठ्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. तंतुमय चारा त्यांनी आंबवला म्हणजे जे आम्ल तयार होते, त्यापासून कासेत चरबी बनते. म्हणून कडबा कमी करून नुसता भरडा वाढविला तर दूध वाढेल, पण फॅट घसरेल. येथेच आपल्या भागाची खरी अडचण आहे. पूर्वी ज्वारीचे रान मोठे होते, तेव्हा कडब्याच्या गंजी घरोघर असत. सोयाबीन पसरले, ऊस वाढला, आणि कडबा विकत घेण्याची वस्तू झाली. त्याच्या जागी सोयाबीनचे भुसकट आणि उसाचे वाढे आले. भुसकट चालते, पण पावसात भिजलेले नको. वाढ्यांत असलेले ऑक्झलेट गाईच्या अंगातील चुन्याचा अंश अडवून धरते. म्हणून केवळ वाढ्यांवर गाय ठेवू नये, आणि क्षारमिश्रण रोज द्यावे. साधा हिशेब असा : शरीराच्या पोषणासाठी एक ते दीड किलो खुराक, आणि त्यावर दर लिटर दुधामागे चारशे ग्रॅम. वैरणीची कुट्टी केली तर नासाडी कमी होते. मात्र कुट्टी पिठासारखी बारीक करू नये. मका हिरवा असताना मुरघास घालून ठेवला तर वैशाखातही गव्हाण रिकामी राहत नाही.

वैरणीइतकेच पाणी. दुभत्या गाईस दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. 2016 सालच्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातुरास पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. माणसांनाच पाणी गाडीने आले, तेथे गोठ्याच्या वाट्यास काय आले असेल? तहानलेली गाय चारा खात नाही, आणि न खाल्लेल्या चाऱ्यातून दूध निघत नाही. म्हणून गाईंची संख्या ठरविताना विहिरीचा उन्हाळी तळ पाहावा, पावसाळी नव्हे.

तिसरी पायरी धारेची. गाय पान्हा सोडते तो मेंदूतून सुटणाऱ्या एका रसामुळे, आणि त्याचा जोर पाच-सात मिनिटेच टिकतो. तेवढ्यात धार संपली पाहिजे. गाईला मारले, भिवविले, तर पान्हा आटतो. पान्ह्यासाठी इंजेक्शन देण्याची चाल पडली आहे. ती गाईस घातक असून कायद्यासही मान्य नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पहिल्या धारांत चरबी एक-दोन टक्केच असते; शेवटच्या धारांत ती सहापासून दहापर्यंत चढते. आपण शेवटचे दूध वासरासाठी सोडतो आणि केंद्रावर पातळ दूध नेऊन फॅट लागत नाही म्हणून कष्टी होतो. वासराचा वाटा बुडवू नये. पण तो आधी पाजावा अथवा मोजून द्यावा, आणि कास पूर्ण मोकळी करावी. अंगठा दुमडून ओढल्याने सडास इजा होते, यासाठी पूर्ण मुठीने धार काढावी.

चौथी पायरी स्वच्छतेची. निरोगी कासेतून दूध जवळजवळ निर्जंतुक येते. घाण मिळते ती हात, शेपटी, चरवी आणि धूळ यांतून. उबदार दुधात जंतू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात. नांदेड-लातूरच्या चाळीस अंशांच्या उन्हात सकाळचे दूध दोनतीन तास कॅनमध्ये राहिले तर पुढचे सांगावयास नको. कास धुऊन कोरडी पुसावी, भांडे गरम पाण्याने घासून उन्हात पालथे ठेवावे, आणि दूध शक्य तितक्या लवकर शीतकरण केंद्राकडे न्यावे. तेथे ते चार अंशांवर आले म्हणजे जंतूंची वाढ मंदावते. तोवर कॅन थंड पाण्याच्या हौदात किंवा ओल्या पोत्याखाली सावलीत ठेवणे, एवढे तरी प्रत्येकास जमेल.

उकळल्याने सारे दोष जातात, असा एक समज आहे. जंतू मरतात, हे खरे. संसर्गाने गाभ टाकणाऱ्या गाईच्या दुधातून माणसास दीर्घ ताप येतो. त्यासाठी दूध उकळणे आवश्यकच. परंतु बुरशी लागलेली ढेप गाईने खाल्ली तर तिचे विष दुधात उतरते, आणि ते उकळण्याने जात नाही. तीच गोष्ट औषधांची. कासदाहावर प्रतिजैविक दिल्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध विकू नये, घरातही घेऊ नये. कासदाह लवकर कळावा म्हणून प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर घ्याव्यात. गुठळ्या दिसल्या, दूध खारट लागले, तर दुखणे सुरू झाले असे समजावे. ढेप घेताना ती हाताने फोडून वास घ्यावा. कोंदट वास आला तर ती स्वस्त असली तरी महागच.

या सर्वांस भांडवल फारसे लागत नाही. लागते ती नजर. एक वही ठेवावी. तिच्यात प्रत्येक गाईचे रोजचे दूध, चिठ्ठीवरचे दोन्ही आकडे, दिलेला खुराक आणि दुखणे एवढे टिपावे. महिनाभराने ही वहीच सांगू लागते की आकडा कोणत्या दिवशी आणि कशामुळे उतरला. बैलाची पारख आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या नजरेने जोपासली, म्हणून देवणी आणि लाल कंधारी जगाला मिळाल्या. तीच नजर आता चरवीतल्या दुधाकडे वळली, तर आकडा उतरण्याचे कारण केंद्रावर जाण्यापूर्वीच ठाऊक झालेले असेल, आणि चिठ्ठी हातात घेताना कोणाचीही मान खाली जाणार नाही.