नवख्याला कोण विचारतो?

जून २०१० मध्ये गॅव्हिन आंद्रेसन या अमेरिकेतल्या प्रोग्रामरने बिटकॉइनचा एक ‘नळ’ सुरू केला. आपण माणूस आहोत, यंत्र नाही, एवढं दाखवण्यासाठी पडद्यावरची वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाइप करायची आणि स्वतःचा बिटकॉइन पत्ता द्यायचा, की ५ बिटकॉइन फुकट. सुरुवातीला त्याने पदरचे ११०० बिटकॉइन या नळात ओतले होते. महिनाभर आधी, २२ मे रोजी, फ्लोरिडातल्या एकाने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन मोजले होते; म्हणजे ५ ही चिल्लरच. लोकांनी भीती न बाळगता हात घालून बघावं, एवढाच आंद्रेसनचा हेतू. नाव नको, वय नको, ओळखपत्र नको.

या दुनियेचं सगळं तत्त्वज्ञानच तसं होतं. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेला बिटकॉइनचा मूळ ९ पानी निबंध मुळात मधल्या माणसाला वगळण्याबद्दल आहे. मधे बँक नाही, म्हणून कुणाची परवानगी नाही. आणि परवानगी नाही, म्हणून दारात कुणी उभं नाही. यातली दुसरी बाजू लोकांच्या उशिरा लक्षात आली. जो अडवायला उभा नसतो, तो सावरायलाही नसतो.

तरी सातोशीला नवख्यांची काळजीच नव्हती, असं म्हणता येणार नाही. जुन्या धाटणीचा बिटकॉइन पत्ता नीट बघा. त्यात शून्य हा अंक सापडणार नाही, इंग्रजी मोठा ओ नाही, मोठा आय नाही, छोटा एलही नाही. ही चार चिन्हं मुद्दाम गाळली आहेत, कारण डोळ्यांना ती एकमेकांसारखी दिसतात आणि हाताने उतरवताना घोटाळा होतो. पत्त्याच्या शेवटी पडताळणीसाठी ४ बाइट जोडलेले असतात. एखादं अक्षर चुकलं, तर वॉलेट, म्हणजे बिटकॉइन हाताळणारं सॉफ्टवेअर, पैसे पाठवायलाच नकार देतं. इथेरियम या नंतरच्या नेटवर्कच्या पत्त्यांना सुरुवातीला अशी सोय नव्हती. २०१६ मध्ये लहान-मोठ्या अक्षरांच्या मिश्रणातून ती आणावी लागली. पत्त्याची ही पडताळणी म्हणजे नवख्याच्या भल्यासाठी केलेला बहुधा पहिला नियम. तो सभ्य आहे, कुणाला उपदेश करत नाही आणि पाळावाही लागत नाही, आपोआप पाळला जातो. पण त्याची धाव टायपिंगच्या चुकीपर्यंतच. पत्ता बरोबर आणि माणूस चुकीचा असेल, तर पडताळणी खुशाल पास होते.

दुसरी सोय २०१३ मध्ये आली. वॉलेटची गुप्त किल्ली म्हणजे अंकांची लांबलचक माळ. ती कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून २०४८ सोप्या शब्दांची एक ठरलेली यादी केली गेली आणि त्यातले १२ किंवा २४ शब्द म्हणजे तुमची किल्ली, असं ठरलं. यादी ‘अबँडन’पासून सुरू होऊन ‘झू’वर संपते. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरंच त्याला बाकीच्यांपासून वेगळं करायला पुरतात आणि शेवटच्या शब्दात पुन्हा पडताळणी दडलेली असते. फार हुशारीने केलेलं काम आहे. पुढे जपानी, कोरियन, चिनी, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, अगदी चेक भाषेतही याद्या झाल्या. त्या अधिकृत संग्रहात भारतीय भाषा नाही. त्यामुळे लातूरचा किंवा सांगलीचा मुलगा ते इंग्रजी शब्द कागदावर उतरवतो आणि मग सवयीप्रमाणे कागदाचा फोटो काढतो. फोटो गूगलच्या साठवणीत जातो आणि ईमेलचा पासवर्ड फुटला, की किल्लीही गेली. नाहीतर ‘कस्टमर केअर’वाला फोन करून गोड आवाजात बारा शब्द विचारतो. जमिनीचा सातबारा हरवला तर तलाठ्याकडून नवा उतारा काढता येतो. इथे तलाठीच नाही.

एवढी जबाबदारी बहुतेकांना झेपणारी नव्हती, म्हणून लोकांनी आपापल्या किल्ल्या एक्स्चेंजकडे, म्हणजे खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजाराकडे, सोपवल्या. म्हणजे ज्या मधल्या माणसाला काढून टाकण्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच पुन्हा येऊन बसला. फक्त त्याला बँकेचे नियम लागू नव्हते. टोकियोच्या शिबुया भागातली माउंट गॉक्स ही एकेकाळची जगातली सर्वांत मोठी एक्स्चेंज. फेब्रुवारी २०१४ मध्ये ती दिवाळखोरीत गेली, तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइनचा हिशेब लागत नव्हता. त्यातले दोन लाख नंतर एका जुन्या वॉलेटात सापडले. लोकांना बिटकॉइनमध्ये परतफेड मिळायला सुरुवात झाली जुलै २०२४ मध्ये. जपानने एप्रिल २०१७ पासून एक्स्चेंजना नोंदणी सक्तीची केली. तरी जानेवारी २०१८ मध्ये कॉइनचेकमधून ५० कोटींहून जास्त नेम कॉइन चोरीला गेले, कारण ते इंटरनेटला जोडलेल्या वॉलेटात ठेवले होते. मग ग्राहकांची किमान ९५ टक्के मालमत्ता इंटरनेटपासून तोडलेल्या वॉलेटात ठेवण्याचा दंडक आला. जपानी नियमपुस्तिका वाचताना प्रत्येक कलमामागे कुठली चोरी आहे, ते सांगता येतं.

आपल्याकडची मोठी ठेच पुण्याशी जोडलेली आहे आणि ती चोरीची नाही. गेनबिटकॉइन ही योजना अमित भारद्वाजने २०१५ च्या सुमारास सुरू केली. वचन असं, की तुमचे बिटकॉइन आमच्याकडे द्या, आम्ही ते ‘क्लाउड मायनिंग’मध्ये, म्हणजे नवे बिटकॉइन काढणाऱ्या भाड्याच्या यंत्रांत, लावू आणि १८ महिने दरमहा १० टक्के परतावा बिटकॉइनमध्येच देऊ. एक द्या, दीड वर्षात १.८ घ्या. खाली माणसं जोडलीत, तर वर कमिशन. बाकी चित्र आपल्या ओळखीचंच आहे. हॉटेलचा हॉल, पडद्यावर ‘प्लॅन’, टाय लावलेला ‘लीडर’, आणि शेजारच्या खुर्चीवर आपल्याला घेऊन आलेला मावसभाऊ किंवा ऑफिसातला सहकारी. तंत्रज्ञान नवं होतं. आणणारा माणूस मात्र घरचा. फसवणुकीची सगळी ताकद त्या दुसऱ्या गोष्टीत होती.

त्या हॉलमध्ये बसलेल्या कुणालाही एक हिशेब मांडता आला असता. बिटकॉइनच्या व्यवहारांचा एक ब्लॉक, म्हणजे नोंदींचा गठ्ठा, साधारण १० मिनिटांनी निघतो, म्हणजे दिवसाला सुमारे १४४. जुलै २०१६ पर्यंत प्रत्येक ब्लॉकमागे २५ नवे बिटकॉइन मिळत, त्यानंतर साडेबारा. साऱ्या जगात मिळून दिवसाला निघणारे ३६०० बिटकॉइन रातोरात १८०० झाले. खाणीचं उत्पन्न असं अर्ध्यावर येत असताना ‘दरमहा १० टक्के’ तसंच कसं राहतं? हे कोष्टक गुप्त नव्हतं, बिटकॉइनच्या जन्मापासून जाहीर होतं. पण हा प्रश्न विचारावा, हे सांगणारं हॉलमध्ये कुणी नव्हतं. आणि मावसभावाला असं विचारणं आपल्याकडे बरंही दिसत नाही.

२०१७ मध्ये परतावा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाच्या घरच्या टोकनमध्ये देणं सुरू झालं. त्याच वर्षी डिसेंबरात बिटकॉइन २०,००० डॉलरच्या आसपास पोचला. दोन वर्षांपूर्वी तो काहीशे डॉलरला होता. मला या प्रकरणात सर्वांत चटका लावणारी गोष्ट हीच वाटते. ज्यांनी काहीही न करता आपला बिटकॉइन नुसता धरून ठेवला असता, त्यांचं सोनं झालं असतं. नेमका तोच देऊन ते मोकळे झाले. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार गोळा झालेल्या बिटकॉइनचं मूल्य २०१७ च्या भावानेच सुमारे ६६०० कोटी रुपये होतं. भारद्वाजला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये दोन गोष्टी घडल्या. तपासाला मदत करण्यासाठी पोलिसांनी घेतलेल्या दोन बाहेरच्या तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. आरोपींच्या वॉलेटांतलं आभासी चलन वळवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. आणि सर्वोच्च न्यायालयाला एका आरोपीला सांगावं लागलं, की तुझ्या वॉलेटचं युजरनेम आणि पासवर्ड तपासयंत्रणेला दे. बँकेचं खातं असतं, तर शाखेला एक पत्र गेलं असतं. डिसेंबर २०२३ मध्ये देशभरचे गुन्हे सीबीआयकडे सोपवण्यात आले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने ६० हून जास्त ठिकाणी झडत्या घेतल्या.

या काळात आपली नियमनयंत्रणा काय करत होती? इशारे देत होती. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्ये पहिला इशारा दिला, मग फेब्रुवारी आणि डिसेंबर २०१७ मध्ये. इशाऱ्यांत चूक काहीच नव्हती, पण हॉटेलच्या हॉलमध्ये रिझर्व्ह बँकेचं प्रसिद्धिपत्रक वाचून कोण जातं? मग ६ एप्रिल २०१८ चं परिपत्रक आलं. बँकांनी क्रिप्टोवाल्यांशी तीन महिन्यांत संबंध तोडावेत. रस्ता बंद झाल्यावर व्यवहार थांबले नाहीत. ते अनोळखी माणसांमधल्या थेट देवघेवीकडे वळले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. रिझर्व्ह बँकेला असा आदेश काढण्याचा अधिकार आहे, पण आपल्या अखत्यारीतल्या संस्थांचं नेमकं काय नुकसान झालं ते बँक दाखवू शकली नाही, म्हणून उपाय प्रमाणाबाहेरचा ठरला.

थेट देवघेवीचा तो मार्ग आजही नवख्यांना भारी पडतो. यूएसडीटी, म्हणजे डॉलरशी बांधलेली टोकन, विकली, खात्यात पन्नास हजार आले, आणि आठ-दहा दिवसांनी खातं फ्रीझ. पैसे पाठवणाऱ्याने ते दुसऱ्या कुणाला तरी फसवून मिळवलेले असतात. त्या फसलेल्या माणसाने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केलेली असते आणि पैशाचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो. मग परराज्यातल्या सायबर पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसायचं.

२०२२ पासून नियम आले खरे. १ एप्रिलपासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, १ जुलैपासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. ७ मार्च २०२३ रोजी एक्स्चेंज मनी लाँडरिंग कायद्याखाली आले आणि वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी सक्तीची झाली. पॅन, आधार, सेल्फी, बँकखातं, सगळं तपासलं जातं. हे सगळे नियम कुणासाठी आहेत? करखात्याला आपला वाटा मिळावा आणि तपासयंत्रणेला माग लागावा, यासाठी. दोन्ही रास्त आहेत. पण नवख्याला आपण त्याची ओळख विचारतो, समज विचारत नाही.

कराचंच बघा. समजा एका कॉइनमध्ये १०,००० रुपये नफा झाला आणि दुसऱ्यात १०,००० तोटा. हातात शून्य. पण क्रिप्टोतला तोटा नफ्यातून वळता करता येत नाही, त्यामुळे नफ्यावर ३००० रुपये कर आणि ४ टक्के उपकर धरून ३१२० रुपये भरायचे. शेअरबाजारातून आलेल्या कुणालाही हे खरं वाटत नाही. पहिला सौदा करण्याआधी ही गोष्ट ज्याला कुणी उदाहरण देऊन सांगितली आहे, असा नवखा विरळाच.

जाहिरातींबाबत त्यातल्या त्यात बरं काम झालं. मुंबईच्या अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने १ एप्रिल २०२२ पासून प्रत्येक जाहिरातीत धोक्याची सूचना सक्तीची केली, छापील जाहिरातीत तिला पाचवा हिस्सा जागा दिली, आणि ‘करन्सी’, ‘सिक्युरिटीज’ असे भारदस्त शब्द वापरायला मनाई केली. ही उद्योगाची स्वनियमन संस्था आहे, सरकार नाही. आणि मावसभाऊ जाहिरात करत नाही.

ब्रिटनने नेमकं याच दुखण्यावर बोट ठेवलं. तिथल्या वित्तीय नियामकाने ८ ऑक्टोबर २०२३ पासून क्रिप्टोच्या जाहिराती आपल्या नियमांखाली आणल्या. पहिल्यांदाच गुंतवणूक करणाऱ्याला २४ तास थांबावं लागतं. अर्ज केल्या क्षणी सौदा होत नाही. त्याला स्वतःची वर्गवारी सांगावी लागते, आणि या विषयाचं त्याला कितपत कळतं, ते बघणारी प्रश्नावली सोडवावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचं, मित्राला आणा आणि बोनस मिळवा, या प्रकारावर बंदी. २४ तासांत कुणी शहाणा होत नाही, हे मान्य. पण हॉलमधून घरी येऊन, जेवून, बायकोशी बोलून माणूस झोपतो. तेवढ्याने बरंच काही टळतं.

हे आपल्याला जमणार नाही, असंही नाही. शेअरबाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये शिरताना सेबीच्या आदेशाने २०२३ पासून पडद्यावर सूचना येते, की दहापैकी नऊ व्यक्तिगत गुंतवणूकदारांना इथे तोटा होतो. हा आकडा सेबीने स्वतः अभ्यास करून काढला होता. क्रिप्टोसाठी असा अभ्यास करून असा आकडा पडद्यावर आणायला लावणारा पालक नियामक नाही. क्रिप्टोला नियमांच्या कक्षेत आणलं तर तिला प्रतिष्ठा मिळेल, ही दिल्लीतली आणि मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेतली भीती मला समजते. पण ३० टक्के कर घेऊन झाल्यावर प्रतिष्ठा द्यायची काय उरली?

नियामक नसल्याची किंमतही दिसली. १८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजच्या एका वॉलेटातून २३ कोटी डॉलरहून जास्त मालमत्ता चोरीला गेली. ग्राहकांच्या एकूण मालमत्तेचा हा जवळपास ४५ टक्के भाग. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने संयुक्त निवेदनात या चोरीचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. बायनान्स या परदेशी एक्स्चेंजने नोव्हेंबर २०१९ मध्ये वझीरएक्स विकत घेतल्याचं जाहीर केलं होतं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये, तो व्यवहार पूर्णच झाला नव्हता, असं सांगितलं. पैसे कुणाकडे आहेत, हे ग्राहकाला मालकांच्या भांडणातून कळत होतं. मूळ कंपनी सिंगापूरची, त्यामुळे पुनर्रचनेचा अर्ज तिथल्या उच्च न्यायालयात गेला. व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. मधल्या काळात भारतभरच्या ग्राहकांना कर्जदात्यांच्या रांगेत उभं राहून योजनेच्या बाजूने किंवा विरुद्ध मत द्यायचं होतं, आणि त्याआधी वाचायची कागदपत्रं सिंगापूरच्या कंपनी कायद्याच्या इंग्रजीत होती. खातं उघडताना ‘मान्य आहे’वर एकदा बोट टेकवलं, की काम झालं होतं.