कॅमेऱ्याच्या डोळ्यातील आंतरपीक



पानावर डाग दिसला, की हल्ली आपण मोबाइलवर फोटो काढून सल्ल्यासाठी पाठवतो. सोय चांगली आहे. पण फोटोतला पिवळेपणा पाहून औषधावर पैसे घालायचे असतील, तर कॅमेरा रंग कसा ओळखतो ते आधी समजून घ्यावे.

भिंगामागे सिलिकॉनचा लहानसा तुकडा असतो. त्याला सेन्सर म्हणतात. त्यावर लक्षावधी बारीक वाफे पाडलेले असतात. वाफ्याला उजेड किती पडला एवढेच कळते, रंग कळत नाही. म्हणून प्रत्येक वाफ्यावर एकेका रंगाची गाळणी बसवतात. दर चार वाफ्यांत दोन हिरवे, एक तांबडा आणि एक निळा. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांच्या या मांडणीला १९७६ साली पेटंट मिळाले. आजही बहुतेक कॅमेरे तिच्यावरच चालतात.

हे आंतरपीकच म्हणा. एका वाफ्यात एकच पीक. उरलेले दोन रंग शेजारच्या वाफ्यांवरून हिशेबाने भरायचे. सलग रंग असेल तिथे हा अंदाज चांगला जमतो. लुगड्याच्या बारीक चौकड्यांवर मात्र कधी कधी नसलेले रंग आणि लाटा दिसतात.

काही तंत्रज्ञांनी वेगळी वाट धरली. सिलिकॉनमध्ये निळा उजेड वरच शोषला जातो, हिरवा थोडा खाली आणि तांबडा सर्वांत खोल जातो. त्याचा उपयोग करून फोव्हिऑन सेन्सरमध्ये एकाखाली एक तीन थर ठेवले. कोकणच्या बागेत वर नारळ, मध्ये जायफळ आणि खाली अननस असावा, तसे. हा सेन्सर असलेला सिग्मा कंपनीचा कॅमेरा २००२ साली आला. त्यात बारीक नक्षी स्वच्छ उमटते. पण थरांतले रंग पूर्ण वेगळे होत नाहीत, आणि कमी उजेडात चित्र दाणेदार येते.

फुजीफिल्मने २०१२ साली छत्तीस वाफ्यांचा गट केला: वीस हिरवे, आठ तांबडे, आठ निळे. त्यामुळे लाटा कमी होतात. ह्वावेने २०१९ साली एका मोबाइलमध्ये हिरव्याऐवजी पिवळी गाळणी घातली. उजेड जास्त मिळाला, पण खरा हिरवा रंग काढण्याचे काम अवघड झाले.

थोडक्यात, एक मिळवायचे तर दुसरे थोडे सोडावे लागते. शिवाय ऊन, सावली किंवा दिव्याचा उजेड पाहून मोबाइल स्वतःच रंग बदलतो. पानाच्या छटेत मोठा फरक पडतो तो बहुधा यामुळेच. म्हणून पुढील काळजी घ्यावी :

१. भर उन्हात किंवा दिव्याखाली नको. दिवसा मोकळ्या सावलीत फोटो घ्यावा.

२. रोगट पानाशेजारी त्याच वाणाचे निरोगी पान ठेवावे. दोन्हींतला फरक एकाच उजेडात दिसतो.

३. फोटो मोठा करून घेण्यापेक्षा मोबाइल जवळ न्यावा. पानाची खालची बाजूही घ्यावी.

४. पूर्ण झाडाचा एक फोटो हवाच. नत्राची कमतरता आधी खालच्या जुन्या पानांवर दिसते. लोहाची कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते. तिथे शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. छटा फसवील, पण पिवळेपणाची जागा सहसा फसवत नाही.

आणि शंका उरली, तर पान घेऊन समक्ष दाखवावे. एका फोटोवर फवारणीचा निर्णय घेऊ नये.